बारा कप्तान

बाइंडरबाईच्या दुकानात एक नियम होता: जे बांधायचं ते वाचायचं नाही. वडिलांनी घालून दिलेला. वाचायला लागलं की हात थांबतो, हात थांबला की खळ वाळते, आणि वाळलेल्या खळीवर पुठ्ठा बसत नाही, असं त्यांचं साधं म्हणणं. वडील गेले, दुकान मुलीकडे आलं, आणि मुलीने तो नियम असा काही पाळला की बत्तीस वर्षांत हजारो पुस्तकं हाताखालून गेली, पण एकाचंही दुसरं पान तिने वाचलं नाही. ह्याचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे. "डॉक्टर काय पेशंटशी गप्पा मारत बसतो?" असं ती विचारायची. चांगले डॉक्टर मारतात गप्पा, पण तिच्याशी वाद घालायची टाप कुणाची होती?

तिच्या सासूबाई नेमक्या उलट. वय त्र्याहत्तर. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली, कानाला यंत्र आणि मांडीवर पुस्तक. दोन कॉलच्या मधे जेवढी पानं होतील तेवढी. आणि वाचायच्या काय, तर थरारकथा. खून, पाठलाग, हेर, विषाची बाटली. दुसरं काही म्हणून नाही. निवृत्त झाल्यावर तर त्यांना रानच मोकळं झालं. सकाळी एक सुरू, संध्याकाळी खलास. दुकान आता सासरच्या घराच्या पुढच्याच खोलीत, त्यामुळे सुनेला शिवता शिवता दारातून सासूबाईंची खुर्ची दिसे, आणि तिच्या जिवाची तडफड होई. "आई, काय ते वाचत बसता? सगळ्या गोष्टी सारख्याच," असं ती दिवसातून एकदा तरी बोलायचीच. सासूबाई पान उलटायच्या. ऐकू येत नसल्याचं सोंग त्यांना फार चांगलं जमायचं.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. तीन गल्ल्या सोडून मोठं वाचनालय होतं. तिथे वरच्या मजल्यावरचा पाण्याचा नळ फुटला आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत तीन हजार पुस्तकं भिजून फुगली. ती नव्याने बांधायला टाकायची होती. आणि बाइंडरबाईला ते काम हवं होतं, अगदी जिवापाड हवं होतं. शाळांच्या वह्या आता तयार येत होत्या, कचेऱ्यांची रजिस्टरं बंद झाली होती, आणि स्टेशनाजवळ एक मशीनवाला आला होता. तो पुस्तकाचा कणा सरळ कापून टाकायचा, वर गरम गोंद ओतायचा, अर्ध्या तासात पुस्तक हातात. दोन वर्षांनी पानं गळायला लागत, पण दोन वर्षांनंतरचा विचार करतो कोण? हे काम हातचं गेलं की दुकानाला कुलूप लागणार आणि वडिलांचा पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा भंगारात जाणार, हे तिने नवऱ्यालाही उघड सांगितलं नव्हतं. तो मालगाडीवर गार्ड, आठवड्यातले चार दिवस घराबाहेर. पण न सांगताही त्या घरात सगळ्यांना ते कळत होतं.

ग्रंथपाल स्वतः आले होते. मोजकं बोलणारा, चष्मा दोरीला बांधून गळ्यात अडकवणारा माणूस. त्यांनी टेबलावर बारा पुस्तकं ठेवली. "ही नमुन्यादाखल करा," ते म्हणाले. "सोमवारी सकाळी दहाला येतो. पसंत पडली तर तीन हजार तुमची. नाही पडली तर मशीनवाला आहेच."

"कुठली पुस्तकं आहेत?" तिने आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

"थरारकथा. मुद्दामच ह्या दिल्या, बिघडल्या तरी फार नुकसान नाही. बारा पुस्तकं आहेत, पण गोष्ट एकच. एकच तो कप्तान आणि एकच ती धावपळ."

आतल्या खुर्चीत पान उलटल्याचा आवाज जरा जोरात झाला. पण बाइंडरबाई मनातून खूश झाली. इतकी वर्षं ती जे म्हणत आली होती तेच एवढा शिकलेला माणूस म्हणत होता.

मंगळवारी तिने बाराही पुस्तकं उसवली. पुस्तक म्हणजे सोळा-सोळा पानांचे फर्मे, एकमेकांना शिवलेले. ह्या मालिकेतलं प्रत्येक पुस्तक बरोबर बारा फर्म्यांचं होतं. आकार एक, कागद एक, अक्षर एक. पानाच्या माथ्यावर पुस्तकाचं नाव छापायचा खर्च प्रकाशकाने वाचवला होता, त्यामुळे खाली फक्त पानाचा आकडा. एकशे चव्वेचाळीस फर्मे तिने दोऱ्यांवर वाळत टाकले, बुधवारी उतरवले, एकेक इस्त्री केल्यासारखा दाबून सरळ केला. आणि मग तिच्या हातांनी जे केलं ते बत्तीस वर्षांच्या सवयीने केलं.

नवीन पुस्तक छापखान्यातून येतं तेव्हा त्याच्या शेकडो प्रती एकदम येतात. मग टेबलावर ढीग लावायचे: पहिल्या फर्म्यांचा एक, दुसऱ्यांचा एक, तिसऱ्यांचा एक. आणि टेबलाभोवती फेऱ्या मारत प्रत्येक ढिगातून एकेक उचलायचा. एक फेरी, एक पुस्तक. कुठल्या प्रतीचा कुठला फर्मा हा प्रश्नच नसतो, कारण सगळ्या प्रती सारख्या. तर बाईने बारा ढीग लावले, गाणं गुणगुणत टेबलाभोवती बारा फेऱ्या मारल्या, आणि गुरुवारी संध्याकाळपर्यंत बारा पुस्तकं शिवून मोकळी झाली. शिवण इतकी देखणी की पुस्तक कुठेही उघडा, पसरून सपाट बसावं. तिने स्वतःच स्वतःची पाठ थोपटली.

शुक्रवारी दुपारी सासूबाई चहा घेऊन दुकानात आल्या. पुठ्ठे अजून चढायचे होते. त्यांनी वरचं पुस्तक उचललं, स्टुलावर बसल्या आणि वाचायला लागल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "अगं, हा मेला होता ना?"

"कोण?"

"हा डॉक्टर. सोळाव्या पानावर विहिरीत बुडून मेला. सतराव्यावर बसून पत्ते पिसतोय."

"असेल काहीतरी. तुमच्या पुस्तकांत मेलेली माणसं उठतातच."

"एखादा उठतो. पण हे बघ. बत्तिसाव्या पानापर्यंत कप्तान बोटीवर आहे, चहूकडे वादळ. तेहेतिसाव्यावर तो कोर्टात साक्ष देतोय."

"मग मधे उतरला असेल."

"वाक्याच्या मधे?" सासूबाई म्हणाल्या. "भर समुद्रात?"

बाइंडरबाईच्या हातातली कात्री तशीच राहिली. तिने दुसरं पुस्तक उघडलं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा तिने एका पानाचं शेवटचं वाक्य आणि पुढच्या पानाचं पहिलं वाक्य वाचलं. मग तिसरं पुस्तक. मग चौथं. बारा वेगवेगळी पुस्तकं तिने एकाच पुस्तकाच्या बारा प्रती समजून शिवली होती. असली चूक वाचणाऱ्याच्या हातून कधी झाली नसती आणि नवख्याच्या हातून तर नाहीच. ती करायला तिच्याएवढाच कसलेला बाइंडर लागतो.

"सोमवारी दहा," ती पुटपुटली आणि खाली बसली.

सासूबाईंनी पुस्तक मिटलं. "मी मदत करू?"

"नको," ती म्हणाली. बघा हं, बुडतानाही हात द्यायला आलेल्याला नको म्हणायचं, असला तो अभिमान. "काही वाचायची गरज नाही. शेवटचं वाक्य पुढच्या पहिल्या वाक्याला जोडायचं, झालं."

तिने सगळी शिवण उसवली आणि वाक्यं जुळवायला घेतली. शनिवारी सकाळी अकरापर्यंत जुळवत होती. पण ह्या कप्तानाला दारं उघडण्याचं भारी वेड. एका फर्म्याच्या शेवटी 'त्याने दार ढकललं आणि', दुसऱ्याच्या शेवटी 'दार उघडून तो', तिसऱ्याच्या शेवटी नुसतंच 'दार'. पुढच्या फर्म्यांची सुरुवात 'आत शिरला', 'आत पाऊल टाकलं', 'आत कुणीच नव्हतं'. कुठलंही कुठेही बसत होतं. नावांवरून ओळखावं, तर कप्तान, त्याचा शिपाई आणि त्याचे साहेब बाराही पुस्तकांत तेच, आणि बाकीचे लोक दोन प्रकरणांत मरून जात. सुईची भोकं पाहावीत, तर सगळी एकाच मशीनची. डाग पाहावेत, तर सगळ्यांवर एकाच नळाचं पाणी. जुळवलेलं पहिलं पुस्तक तिने गुमान नेऊन सासूबाईंपुढे धरलं. त्यांनी चाळलं आणि मान हलवली. "वाक्यं जुळली गं. पण ज्याला शोधतायत तोच शोधणाऱ्यांना कॉफी देतोय."

तेव्हा बाइंडरबाईने नांगी टाकली. "आई, या," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा काय करायचं ते."

सासूबाईंनी चष्मा पुसला, पदर खोचला आणि टेबलाच्या टोकाशी उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्या टेबलापाशी त्यांना पहिल्यांदाच कुणी बोलावलं होतं. "ही बारा मी वाचलेली नाहीत," त्यांनी आधीच सांगितलं. "पण ह्यांच्या जातीची हजारभर वाचलीत. आता ऐक. पहिला प्रश्न: जे वाईट आहे ते होऊन गेलंय, की अजून व्हायचंय?"

"म्हणजे?"

"खून झालाय, आता कुणी केला ते शोधतायत. ती रहस्यकथा. तिथे माणूस मागे बघतो. आणि खून व्हायचाय, धरण फुटायचंय, पोर पळवायचंय, ते थांबवायचंय. ती खरी थरारकथा. तिथे माणूस पुढे बघतो. लोक दोन्हींना एकच समजतात."

त्या लोकांमध्ये बाइंडरबाईही होती.

"दुसरा प्रश्न: भीती कुणाची? परक्या देशाची असेल तर हेरकथा. तिथे कुणी खरं बोलत नाही, आणि बोलायचं तर चालता चालता बोलतात. स्वतःच्याच सरकारची असेल तर कारस्थान. तिथे फायली, जिने, बंद खोल्या. न्यायाधीशाची असेल तर कोर्ट. सुईची आणि पांढऱ्या कोटाची असेल तर डॉक्टरी. समुद्राची, आगीची असेल तर तिथे कुणी दुष्ट लागतच नाही, माणसं आधीच मेटाकुटीला आलेली असतात. घरातल्याच माणसाची असेल तर घरगुती, आणि ती सगळ्यांत वाईट. आणि नुसती पळापळ असेल, श्वास घ्यायला वेळ नसेल, तर पाठलाग."

"आणि भीती कुणाचीच नसेल तर?"

"मग ते पुस्तक माझ्या हातात कशाला येईल?" सासूबाई म्हणाल्या. "एक राहिली. भीती स्वतःचीच असेल तर मनाचा खेळ. तिथे सांगणाऱ्यावरच विश्वास ठेवायचा नाही."

पहिल्या फर्म्यावर पुस्तकाचं नाव होतंच, त्यामुळे बारा नावं टेबलावर ओळीने मांडली आणि प्रत्येकाची जात आधी ठरवली. मग सासूबाई एकेक फर्मा उचलून वाचू लागल्या. तासाभरात तीन लागले. सून अस्वस्थ झाली. ह्या वेगाने बुधवार उजाडला असता. ती उगाच टेबलाभोवती फिरत होती, आणि फिरता फिरता थांबली.

"हा पाठलागाचा आहे," तिने लांबूनच एका फर्म्याकडे बोट दाखवलं.

"वाचलास?"

"नाही. शाई कमी आहे. वाक्यं तोकडी, परिच्छेद तोकडे, अर्धं पान कोरं. आणि हा कोर्टाचा, प्रत्येक ओळ सवाल-जवाबाच्या रेघेने सुरू होतेय. हा मनाचा खेळ असणार, पान नुसतं काळंकुट्ट, परिच्छेदच तुटत नाही. हा बोटीचा, जागोजागी आकडे आहेत, किती माणसं उरली आणि किती पाणी."

सासूबाईंनी चारही वाचून पाहिले. चारही बरोबर. त्यांनी सुनेकडे असं पाहिलं की लग्न होऊन आल्यापासून तसं त्यांनी पाहिलं नव्हतं. "बये," त्या म्हणाल्या, "तुला हे दिसतं, आणि तू वाचत नाहीस?"

मग काय विचारता. सुनेने लांबून जात सांगायची, सासूने वाचून शिक्कामोर्तब करायचं आणि वाक्य जुळवून पाहायचं. दोघींची अशी काही गट्टी जमली की दुपारचा चहा दोनदा गार झाला. पण नुसत्या नजरेने सगळं भागणार नव्हतं. घरगुती आणि डॉक्टरी ह्यांची पानं दिसायला सारखीच, आणि सासूबाईंचे डोळे चुरचुरायला लागले होते. "हे तू वाच," त्यांनी घरगुती ढीग सुनेकडे सरकवला.

वडिलांचा नियम तिला आठवला नाही असं नाही. आठवला, आणि तिने खुर्ची ओढली.

कप्तानाच्या बहिणीची गोष्ट होती. नवरा भला माणूस, हसरा, बायकोची काळजी घेणारा. काही म्हणजे काही घडत नव्हतं. फक्त तो बाहेर जाताना एक कपाट बंद करायचा आणि आल्यावर आधी ते तपासायचा. बाइंडरबाई वाचत गेली. एकदा तिला वाटलं, त्या बाईला ओरडून सांगावं की माहेरी जा. वाटीतली खळ वाळून टणक झाली तरी तिला पत्ता नव्हता. सासूबाईंनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा ती दचकून उठली.

"कुठल्या ढिगात?" त्यांनी विचारलं.

"आधी मला त्या कपाटात काय आहे ते सांगा," सून म्हणाली. सासूबाई खो खो हसल्या. त्या हसण्यात इतक्या वर्षांचं उट्टं निघालं, आणि सुनेला त्याचा राग आला नाही.

रविवारी दुपारी चारपर्यंत एकशे बेचाळीस फर्मे आपापल्या घरी पोचले. उरले दोन, दोन्ही शेवटचे. आणि अपुरी पुस्तकंही दोनच उरली होती. एक होतं 'परका पोशाख', हेरकथा. कचेरीतलं कुणीतरी शत्रूला बातम्या विकतंय. दुसरं 'चुकलेला आठवडा', मनाचा खेळ. एका कारकुनाचा खून झाला त्या आठवड्यातलं कप्तानाला काहीच आठवत नाही, आणि तोच त्या खुनाचा तपास करतोय. शेवटच्या फर्म्यांत गोष्टीची जेमतेम तीन-तीन पानं, बाकी सगळ्या येणाऱ्या पुस्तकांच्या जाहिराती. दोन्हीकडे कप्तान दार उघडून आत येतो. दोन्हीकडे समोर त्याचे साहेब. दोन्हीकडे साहेब म्हणतात की तू आधीच ओळखायला हवं होतंस. काय ओळखायला हवं होतं ते लेखकाने दोन्हीकडे वाचकावर सोडून दिलेलं. वाक्यं दोन्हीकडे चपखल बसत होती.

सासूबाईंनी दोन्ही वाचून क्षणात निवाडा केला. "ज्यात कप्तान पिस्तूल टेबलावर ठेवतो तो हेरकथेचा. साहेबच फितूर निघाले, त्याचं मन मोडलं. हेरकथेत फितूर नेहमी वरचाच साहेब असतो. लाव तो 'परका पोशाख'ला."

सुनेने सुईत दोरा ओवला. फर्मा हातात घेतला, पुन्हा वाचला आणि सुई खाली ठेवली. "नाही, आई."

"नाही काय? माझी अर्धी हयात गेली ह्यात."

"असेल. पण नुसतं ठेवत नाही तो पिस्तूल. ठेवतो आणि साहेबांच्या बाजूला सरकवतो. आणि मग दाराकडे पाठ करून बसतो. तुम्हीच म्हणालात ना, भीती कुणाची ते बघ. ज्याला समोरच्याची भीती आहे तो आपलं हत्यार त्याच्याकडे सरकवेल? त्याला साहेबांची भीती नाहीये. त्याला स्वतःच्या हातांची भीती वाटतेय. त्या आठवड्यात खून त्यानेच केला होता, आणि त्याला आत्ता ते कळलंय. दुसऱ्या शेवटात बघा, तो बसतच नाही. दार अडवून उभा राहतो. ती हेरकथा."

सासूबाईंनी दोन्ही फर्मे पुन्हा वाचले. मग तिसऱ्यांदा वाचले. "मी 'नेहमी'वर विसंबले," त्या शेवटी म्हणाल्या. "तू पानावर विसंबलीस. पण खात्री आहे तुला? हे चुकलं तर सगळं चुकलं."

खात्री कसली असणार? बाराव्या फर्म्यामागे कुणी सही करून दिली नव्हती. शिकंजा, दुकान, वडिलांची पाटी, सगळं त्या तीन पानांवर आलं होतं. पण तिने आपल्या मताप्रमाणे शिवलं. संध्याकाळी पुठ्ठे चढले, पुस्तकं दाबाखाली गेली, आणि दोघी वेळेवर जेवून झोपल्या. निदान पडून राहिल्या.

सोमवारी दहाच्या ठोक्याला ग्रंथपाल हजर. त्यांनी एकेक पुस्तक उघडलं, कण्यावर अंगठा फिरवला, पानं धरून हलकेच ओढून पाहिली. अकरा पुस्तकांना मान डोलावली. बारावं होतं 'चुकलेला आठवडा'. ते त्यांनी नेमकं शेवटाकडे उघडलं, गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि उभ्या उभ्या वाचू लागले. शिवण पाहायला चष्मा लागत नाही. सासूबाईंनी सुनेचा हात घट्ट धरला होता.

तीन पानं संपली. ग्रंथपालांनी पुस्तक मिटलं नाही. "पिस्तूल सरकवून देतो," ते हळूच म्हणाले, कुणाला म्हणून नाही. "सोळा वर्षांचा होतो मी हे वाचलं तेव्हा. आठ दिवस स्वतःच्या हातांकडे बघत होतो. शेवट असाच होता. अगदी असाच."

सुनेने सोडलेला श्वास तिला स्वतःलाच ऐकू आला. सासूबाई मात्र गप्प राहतात थोड्याच. "मग साहेब, बारा पुस्तकांची गोष्ट एकच कशी?"

ग्रंथपाल कानापर्यंत लाल झाले. "ग्रंथपालाच्या खुर्चीवर बसल्यावर माणूस असं बोलायला शिकतो," ते म्हणाले. मग सरळ उभे राहिले. "काम उत्तम आहे. तीन हजार तुमची."

आता इथे गप्प बसायचं होतं. जगात शंभरातले नव्याण्णव गप्प बसले असते. पण बाइंडरबाईच्या वडिलांच्या दुकानातून खोटं काम कधी गेलं नव्हतं, आणि न सांगितलेली चूकही तिच्या हिशेबी खोटंच काम. "थांबा," ती म्हणाली. सासूबाईंनी मागून चिमटा काढला तरी ती थांबली नाही. बारा ढीग, बारा फेऱ्या, बुडालेला डॉक्टर, सगळं तिने सांगून टाकलं. "मीही हेच समजत होते, की सगळ्या गोष्टी सारख्याच. म्हणून चुकले. निस्तरलं ते ह्यांनी, माझ्या सासूबाईंनी. आता काम द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

ग्रंथपाल बारा पुस्तकांकडे बघत राहिले. "म्हणजे ही बाराही तुम्ही दोघींनी वाचलीत? दोन दिवसांत?"

"जिथे लागलं तिथे."

"आणि हा शेवट ह्याच पुस्तकाचा, हे कुणी ओळखलं?"

"तिने," सासूबाई म्हणाल्या. "मी चुकले होते."

ग्रंथपालांनी चष्मा काढला. "बाई, तीन हजारांतली निम्मी पुस्तकं फुटलीत. पानं सुटून एकमेकांत मिसळलीत, मुखपृष्ठं गेलीत. पोत्यात भरून ठेवलीत, आणि रोज मी त्या पोत्यांकडे बघून घरी जातो. मशीनवाला म्हणतो, जशी हाताला येतील तशी चिकटवतो, कोण वाचतंय. शिवणारा मला कुठेही मिळेल. हे पान कुठल्या गोष्टीचं, हे सांगणारं घर मला कुठे मिळणार?"

बाइंडरबाईने मान डोलावली. डोळे भरून आले आणि ते तिने पुसलेही नाहीत, खुशाल वाहू दिले. बत्तीस वर्षांत ह्या दुकानाने पुष्कळ कौतुक ऐकलं होतं, शिवणीचं, पुठ्ठ्याचं, सोनेरी अक्षरांचं. ह्या वेळचं कौतुक डोक्याचं होतं, आणि ते दोघींचं मिळून होतं.

"त्या पोत्यांत थरारकथा किती?" सासूबाईंनी विचारलं.

"चारेकशे असतील."

"मग पहिली पोती ती पाठवा," बाइंडरबाई म्हणाली. सासूबाई काही बोलायच्या आतच ती बोलली होती.